डिझेल मुरलेली माती: पिथमपूरला पाठवायची की प्लॉटवरच साफ करायची?

इंदूरमध्ये देवास नाका किंवा सांवेर रोडच्या बाजूला, पूर्वी इंधनाच्या टाक्या असलेला प्लॉट तुमच्या ताब्यात आला असेल, तर कोटेशन मागवण्याआधी जेसीबी मागवा. चाचणीचे चार-पाच खड्डे हवेत: टाकीखाली, पाइपच्या सांध्यांपाशी आणि विशेषतः टँकर रिकामा होत असे तिथे. मोठी गळती बहुधा तिथलीच निघते. टाकी अजून जमिनीत असेल तर आधी गॅस-फ्री प्रमाणपत्र (टाकीत पेटणारी वाफ उरली नाही याचा दाखला) घ्या. तोवर कटर पेटवू नका आणि टाकीत माणूस उतरवू नका.

खड्डे मुरूम लागेपर्यंत खणा. माळव्याची काळी माती ओली असताना पाणी अडवते, पण मे महिन्यात तिला खोल भेगा पडतात आणि सांडलेलं डिझेल त्या भेगांतून थेट मुरुमावर उतरतं. वरची दोन फूट माती स्वच्छ दिसते आणि खाली मुरुमाच्या माथ्यावर वास मारतो. त्याखाली भेगाळलेला बेसाल्ट आहे, म्हणजे शेजाऱ्यांच्या बोरिंगची वाट. तेल मुरुमात उतरलं असेल तर आसपासच्या बोरिंगचं पाणी आधी तपासून घ्या.

आता पर्याय. हिशेबासाठी 20 मीटर लांब, 15 मीटर रुंद आणि 2 मीटर खोल पट्टा धरू: 600 घनमीटर, साधारण 1,000 टन.

सगळी माती उचलून पिथमपूरच्या घातक कचरा केंद्रात पाठवणं सर्वांत जलद. दोन-तीन आठवड्यांत जागा मोकळी होते. पण 16 टनी टिप्परच्या साठ-पासष्ट खेपा, प्रत्येक खेपेचं मॅनिफेस्ट (घातक कचऱ्याच्या वाहतुकीचा कागद), केंद्राचा टनामागे दर, आणि वर तेवढाच मुरूम भरावाला. भोपाळच्या युनियन कार्बाइडचा 337 टन कचरा 2025 मध्ये तिथेच जाळला, तेव्हा त्या गावांनी केलेला विरोध आपण सगळ्यांनी पाहिला आहे. जे आपल्या प्लॉटवर निवळू शकतं ते त्यांच्या दारात टाकू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. टाकीच्या तळाचा गाळ आणि तेलाने निथळणारी माती मात्र तिथेच गेली पाहिजे. मातीत पाच टक्क्यांहून जास्त तेल असलं की ते खाणारे जिवाणू तग धरत नाहीत.

उरलेल्या मातीसाठी प्लॉटवरच बायोपाइल लावणं आम्हाला योग्य वाटतं, म्हणजे मातीचा ढीग करून त्यातल्या जिवाणूंना हवा, ओल आणि खत देऊन डिझेल खाऊ देणं. दीड मीटर उंचीच्या ढिगाला सुमारे 8,000 चौरस फूट जागा लागते. खाली 1 मिलीमीटर जाडीची एचडीपीई (प्लास्टिकची) शीट, कडेने पाळ, झिरप गोळा करायला एक कोपरा, वर ताडपत्री. हवेसाठी ढिगात छिद्रांचे पाइप आणि लहान ब्लोअर. किलोमागे 8,000 मिलीग्रॅम डिझेल असेल तर 1,000 टनांत साधारण 6.8 टन कार्बन येतो. कार्बन, नत्र आणि स्फुरद यांचं 100:10:1 प्रमाण धरलं तर 1,350 किलो युरिया आणि 340 किलो डीएपी लागतं. हे तीन हप्त्यांत द्या. एकदम टाकलं तर अमोनियाने जिवाणूच मरतात.

काळ्या मातीत हे काम फसतं ते ढेकळांमुळे. ओली असताना उकरली की तिचे चिकट गोळे होतात. असा गोळा फोडून पाहा: बाहेरून कोरडा, निर्गंध, आत डिझेलचा भपका, कारण तिथे हवा पोचलेलीच नसते. म्हणून वाफशावर उकरा, रोटाव्हेटर फिरवा आणि आकारमानाच्या 15-20 टक्के सोयाबीनचं भूस मिसळा. ओलावा असा ठेवा की मूठ वळावी पण पाणी सुटू नये. ऑक्टोबरमध्ये ढीग लावला तर पावसाळ्यापर्यंत आठ महिने मिळतात. डिसेंबर-जानेवारीत वेग मंदावतो, हे धरून चला.

जमीन न उकरता साफ करून देण्याच्या योजना काळ्या मातीसाठी घेऊ नका. व्हॅक्यूमने वाफ ओढायची तर मातीतून हवा खेळावी लागते, आणि डिझेलची वाफ मुळात कमी. मुरुमात मुरलेल्या पेट्रोलसाठी मात्र ही पद्धत खरोखर चांगली. तेलाचं रासायनिक विघटन करायला जमिनीत दिलेली हायड्रोजन पेरॉक्साइडची इंजेक्शनं भेगांतून वाहून जातात. शिवाय आपल्या मातीतला चुना त्यासोबत दिलेलं आम्ल खाऊन टाकतो. नुसतं काँक्रीट ओतल्याने पाऊस अडतो, पण पेट्रोल असेल तर त्यातल्या बेंझिनची विषारी वाफ उद्याच्या तळघरात शिरते.

किती साफ म्हणजे साफ, तो आकडा काम सुरू करण्याआधी प्रदूषण नियंत्रण बोर्डाकडून लेखी घ्या. नमुने काचेच्या बरणीत, काठोकाठ भरून, बर्फात पाठवा. प्लास्टिकच्या पिशवीतून पेट्रोलचा अंश उडून जातो आणि अहवाल खोटा चांगला येतो. उलटही घडतं: वजनावर आधारलेली जुनी ‘ऑइल अँड ग्रीस’ चाचणी भुसातले आणि शेणखतातले नैसर्गिक मेणही तेलात मोजते, त्यामुळे सहा महिन्यांनंतरही आकडा हलत नाही. प्रयोगशाळेला सिलिका जेलने (ते असे नैसर्गिक पदार्थ धरून ठेवतं) गाळून गॅस क्रोमॅटोग्राफीवर (घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) मोजायला सांगा, आणि पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत तीच पद्धत ठेवा.