निवृत्त ग्रेहाउंड जेवत नसेल तर : वाट पाहावी, चव वाढवावी की खाद्य बदलावे?

शर्यतीतून निवृत्त झालेला ग्रेहाउंड दत्तक घेऊन घरी आणला आणि तो भांड्याला तोंड लावेना, की मेलबर्न असो वा लंडन, घरातली माणसे पहिल्याच संध्याकाळी दुकानात जाऊन दुसरे खाद्य घेऊन येतात. काळजीपोटी असे होते हे खरे. परंतु माझ्या मते हा उपाय सर्वांत शेवटी करण्याचा आहे, कारण सुरुवातीच्या दिवसांत अडचण बहुधा खाद्याची नसून जागेची असते.

या कुत्र्याचे सारे आयुष्य शर्यतीच्या केनेलमध्ये, म्हणजे कुत्रे ठेवण्याच्या कप्प्यांच्या जागेत, गेलेले असते. तिथे ठरलेल्या वेळी, ठरलेले अन्न, त्याच्या स्वतःच्या कप्प्यात मिळत असे. जिना, काचेचे दार, टीव्हीचा आवाज, गुळगुळीत फरशी यांपैकी बरेच काही तो प्रथमच अनुभवत असतो. स्वयंपाकघरातल्या टाइल्सवर ठेवलेल्या भांड्याकडे तो मान लांब करून वास घेतो, मागचे पाय फाकून घसरू लागतात आणि तो न खाताच मागे फिरतो. पाहणाऱ्याला मात्र त्याला अन्न आवडले नाही असे वाटते. म्हणून कोणताही पर्याय निवडण्यापूर्वी भांड्याखाली आणि त्याच्या पायांखाली रबरी चटई घालावी, जागा येण्याजाण्याच्या वाटेवर नसावी आणि केनेलमध्ये तो जे खात होता तेच खाद्य निदान पहिले दोन आठवडे चालू ठेवावे.

त्यानंतर खरी निवड उरते ती दोन मार्गांमध्ये. पहिला मार्ग वेळ पाळण्याचा : सकाळ-संध्याकाळ भांडे ठेवावे, आपण बाजूला व्हावे, वीस मिनिटांनी उरलेले अन्न न बोलता उचलावे आणि पुढच्या वेळेपर्यंत काही देऊ नये. दुसरा मार्ग चव वाढवण्याचा : कोरड्या खाद्यावर कोमट पाणी घालून ते दहा मिनिटे भिजू द्यावे, किंवा त्यात पाण्यातली बिनमिठाची डबाबंद तारली अथवा उकडलेल्या चिकनचे थोडे तुकडे कालवावेत. पहिल्या मार्गाने कुत्र्याला दिवसाची घडी कळते, आणि ज्याचे आयुष्य घड्याळावर चालले त्याला तीच सर्वाधिक धीर देते. मात्र आधीच खंगलेल्या किंवा जुलाब होणाऱ्या कुत्र्यासाठी तो मुळीच योग्य नाही. दुसऱ्या मार्गाने अन्न लगेच पोटात जाते, पण न खाल्ल्यास अधिक चविष्ट काही मिळते हेही तो चटकन शिकतो, आणि मग महिनाभराने साध्या खाद्याकडे तो पाहतही नाही.

माझी शिफारस पहिल्या मार्गाची आहे, त्यात दुसऱ्यातले फक्त कोमट पाणी घ्यावे, कारण उबेमुळे वास वर येतो आणि लाड मात्र होत नाहीत. तारली किंवा चिकन द्यावेच लागले तर ते नीट कालवून द्यावे आणि हळूहळू कमी करत आणावे. आपल्या घरच्या चिकनच्या रश्श्यात कांदा-लसूण असतोच. हे दोन्ही पदार्थ कुत्र्यांना विषारी आहेत, म्हणून तो रस्सा चमचाभरही घालू नये.

खाद्य बदलायचेच असेल तर सात ते दहा दिवसांत, जुन्यात नवे मिसळत बदलावे. भात आणि उकडलेले चिकन पोट बिघडल्यावर दोन-तीन दिवस चालते, पण कायमचे जेवण म्हणून त्यात कॅल्शियम फारच कमी पडते.

वाट किती पाहायची हे दर आठवड्याच्या वजनावरून ठरवावे. नुसत्या डोळ्यांवर विसंबू नये, कारण निरोगी ग्रेहाउंडच्याही शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसतात. ज्यांनी आपल्याकडचा कारवान कुत्रा पाहिला आहे त्यांना हा सडसडीतपणा परका वाटणार नाही.

उंच स्टँडवर भांडे ठेवण्याचा सल्लाही अनेकदा दिला जातो. २००० साली प्रसिद्ध झालेल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या अभ्यासात उंच भांड्याचा संबंध पोट फुगून पिळ पडण्याच्या जीवघेण्या विकाराशी आढळला होता. खोल छातीच्या या जातीला तो धोका आहेच, त्यामुळे मान किंवा पाठ दुखत नसेल तर भांडे जमिनीवरच बरे. जेवणानंतर तासभर धावू देऊ नये.

पूर्ण दिवस काहीच पोटात गेले नाही, किंवा उलट्या, जुलाब, मरगळ यांपैकी काही दिसले, तर वाट न पाहता पशुवैद्याला फोन करावा. मऊ अन्न खाऊन कोरडे सोडणाऱ्याचे दात आणि हिरड्या आधी तपासून घ्याव्यात, कारण शर्यतीतून आलेल्या कुत्र्यांत त्या बऱ्याचदा खराब असतात. हूकवर्म या आतड्यातल्या कृमींसाठी विष्ठेची तपासणीही करावी. कॅप्रोमोरेलिनसारखे भूक वाढवणारे औषध उपलब्ध असले तरी त्याने मूळ कारण जात नाही, म्हणून ते तपासणीनंतरच घ्यावे. शक्यतो ग्रेहाउंडची सवय असलेला पशुवैद्य निवडावा, कारण या जातीत थायरॉइडच्या टी-४ संप्रेरकाची पातळी मुळातच इतर कुत्र्यांपेक्षा कमी असते आणि नुसता अहवाल पाहून नसलेल्या आजाराच्या गोळ्या सुरू होऊ शकतात.