जुन्या जीपची वायरिंग: डागडुजी करावी, तयार हार्नेस आणावा की नव्याने बांधून घ्यावी?

गोव्यात जुनी महिंद्रा जीप किंवा मारुती जिप्सी बाळगणाऱ्याला इंजिनापेक्षा वायरिंग अधिक छळते. इंजिन बिघडण्याआधी आवाज करते, धूर सोडते. वायर मात्र टेपच्या आत गुपचूप हिरवी पडत जाते आणि जुलैतल्या एखाद्या रात्री चोर्ला घाटात दोन्ही हेडलाइट एकदम मालवतात. नोंदणीचे नूतनीकरण जवळ आले की हा प्रश्न पुढे ढकलता येत नाही, कारण १५ वर्षांनंतर होणाऱ्या त्या तपासणीत दिवे, इंडिकेटर, हॉर्न आणि वायपर चालू असलेले दाखवावे लागतात. अशा वेळी मालकासमोर तीन वाटा असतात: आहे त्या वायरिंगची डागडुजी, तयार हार्नेस (गाडीच्या सगळ्या वायरींचा बांधलेला गुच्छ), किंवा ऑटो इलेक्ट्रिशियनकडून सगळी वायरिंग नव्याने बांधून घेणे. सुट्या भागांसाठीही कंपनीचा काउंटर, बाजारातला नवा माल आणि जुना बाजार असे तीन पर्याय आहेत. मी स्वतः १९९०च्या दशकातली महिंद्राची डिझेल जीप, एमएम ५४०, वापरतो आणि चुलतभावाच्या एमपीएफआय (इलेक्ट्रॉनिक इंधन-फवारणीच्या) जिप्सीच्या डॅशबोर्डखाली पाठ टेकून बऱ्याच दुपारी घालवल्या आहेत, त्यामुळे या दोन गाड्यांच्या आधाराने हे पर्याय शेजारी शेजारी ठेवून पाहतो.

गाडी कोणती, यावर अर्धा निर्णय होतो

जुन्या डिझेल जीपमध्ये फ्यूएल पंप यांत्रिक असतो. इंजिन एकदा चालू झाले की त्याला विजेची जवळजवळ गरज उरत नाही. बंद करण्याची तारही अनेक गाड्यांत हातानेच ओढायची असते. स्टार्टर, म्हणजे आपल्याकडचा ‘सेल्फ’, प्यूजो इंजिन असल्यास हीटर प्लग (थंड इंजिन पेटायला मदत करणारे), आणि त्यानंतर दिवे, हॉर्न, वायपर व डॅशबोर्डवरचे मीटर एवढाच सगळा पसारा. म्हणून डिझेल जीपची वायरिंग मुळापासून उपटून नव्याने बांधण्यात धोका कमी आहे. काही चुकलेच तर दिवा लागणार नाही, गाडी मात्र घरी पोहोचेल.

जिप्सी १९८५ साली आली तेव्हा कार्ब्युरेटरची होती, आणि त्या प्रकारच्या गाड्यांतही इग्निशन कॉइल व डिस्ट्रिब्युटर सोडल्यास गुंतागुंत फारशी नाही. २००० नंतरच्या एमपीएफआय जिप्सीचे मात्र तसे नाही. तिथे टाकीतला फ्यूएल पंप, इंजेक्टर, सेन्सर आणि ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा संगणक) हे सगळे त्याच गुच्छावर अवलंबून असतात, आणि सेन्सरच्या वायरीत थोडासा जरी अवरोध वाढला तरी ईसीयूला चुकीचे आकडे मिळून गाडी अडखळू लागते. अशा गाडीचा इंजिनाकडचा हार्नेस हौसेने कापू नये. दिवे, हॉर्न, वायपर यांचा भाग वेगळा धरून त्यावर हवे ते प्रयोग करावेत. ईसीयूच्या भागात जी वायर तुटली असेल तेवढीच, त्याच जाडीची आणि शक्यतो त्याच रंगाची वायर घालून दुरुस्त करावी.

खराबी कुठवर गेली आहे

शिवोली, मोरजी, बाणावली अशा समुद्रालगतच्या गावांतली गाडी आणि वाळपई किंवा साखळीकडची गाडी एकाच वर्षाची असली तरी त्यांचे तांबे एका वयाचे नसते. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस वायरच्या टोकातून आत शिरतो आणि तारांच्या मधल्या फटींतून पुढे सरकत राहतो. त्यामुळे बाहेरून नवे दिसणारे इन्सुलेशन काहीच सांगत नाही. माझी पद्धत अशी आहे: हेडलाइटच्या मागे, डॅशबोर्डखाली आणि मागच्या दिव्याजवळ, अशा तीन ठिकाणी वायरचे टोक कापून दोन इंच इन्सुलेशन सोलायचे. आतले तांबे लालसर चकचकीत असेल तर फक्त टोक गेले आहे. नवे थिंबल (वायरच्या टोकाला बसवायची धातूची पत्ती) लावले की काम झाले. काळे किंवा हिरवे दिसले तर आणखी चार इंच सोलायचे. वीतभर आत जाऊनही रंग बदलत नसेल तर ती वायर गेली. तिन्ही ठिकाणी तीच गत असेल, तर डागडुजीवर पैसे घालवणे म्हणजे कुजलेल्या वाशावर नवी कौले चढवणे आहे.

माझ्या जीपमध्ये मागच्या दिव्याची वायर जवळजवळ हातभर सोलूनही काळीच निघाली, आणि बोटांत चोळल्यावर तिच्या तारा भाजलेल्या सुपारीसारख्या मोडल्या. पुढची, डॅशबोर्डखालची वायर मात्र उत्तम होती. त्यामुळे मी पूर्ण हार्नेस न बदलता चॅसिसच्या कडेने मागे जाणारा तेवढा भाग नवा बांधून घेतला. असा मधला मार्ग बहुतेक जीपमध्ये निघतो, कारण मागची वायरिंग चाकांच्या चिखलात आणि ओढ्याच्या पाण्यात सर्वांत जास्त भिजते. कुळ्याहून दूधसागराच्या वाटेवर ओढे ओलांडणाऱ्या जीप पाहिल्या की हे वेगळे सांगावे लागत नाही.

वायर कापण्याआधी अर्थिंग (गाडीच्या धातूतून बॅटरीकडे करंट परतण्याची जोडणी) मात्र तपासलेच पाहिजे, कारण ‘वायरिंग गेली’ म्हणून येणाऱ्या तक्रारींपैकी बऱ्याच प्रत्यक्षात अर्थिंगच्या असतात. जीपची बॉडी चॅसिसवर रबरी पॅडांवर बसवलेली असते आणि इंजिनही रबराच्या माउंटिंगवर, म्हणून बॅटरी, इंजिन, चॅसिस आणि बॉडी यांना जोडणाऱ्या पट्ट्या स्वच्छ व घट्ट हव्यात. मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरे पेटलेल्या दिव्याच्या होल्डरच्या अर्थला लावल्यास ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसू नये. इंजिनाची पट्टी तुटलेली असेल तर सेल्फ मारताना करंट परतीची दुसरी वाट शोधतो. ॲक्सिलरेटरची किंवा चोकची केबल सेल्फ मारल्यावर हाताला गरम लागली, तर कारण बहुधा तेच असते.

तीन वाटांची तुलना

डागडुजी सर्वांत स्वस्त आणि एका दिवसात होणारी आहे. टोके कापून नवी थिंबल, सॉकेट आणि अर्थिंग एवढ्यावर निभावत असेल तर तिच्यासारखे दुसरे काही नाही. तिचा दोष कामात नसून सवयीत आहे: दर पावसाळ्यात एक जोड, त्यावर काळी टेप, आणि पाच वर्षांनी त्या टेपचा चिकट गोळा. जोड द्यायचाच असेल तर क्रिम्प करून (धातूची नळी दाबून घट्ट बसवून) त्यावर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक स्लीव्ह चढवावी. नुसते सोल्डर टाकलेला जोड बाकावर उत्तम दिसतो, पण सोल्डर तारांत वर चढून वायर तिथे ताठ होते आणि जीपच्या थरथरीने नेमकी तिथेच तुटते.

तयार हार्नेसचा मोह स्वाभाविक आहे, कारण एका पाकिटात सगळे मिळते. कार्ब्युरेटरच्या जिप्सीला तो बरा बसतो. महिंद्राच्या बाबतीत अडचण अशी की एकाच नावाच्या जीपमध्ये काही वर्षांच्या फरकाने स्विच, मीटर आणि कपलर (वायरी एकमेकींत खोचायचे प्लॅस्टिकचे जोड) बदललेले असतात, शिवाय मधल्या मालकांनी काय काय बदलले असेल ते वेगळेच. ऑर्डर देण्याआधी आपल्या गाडीच्या पुढच्या, डॅशच्या आणि मागच्या कपलरचे फोटो विक्रेत्याला पाठवावेत. त्याने ‘सगळ्यांना बसतो’ असे उत्तर दिले, तर तो कुणालाच नीट बसत नाही असे समजावे. हार्नेस हातात आल्यावर एक वायर कापून टोक पाहावे. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची तार बाहेरून तांबूस आणि कापल्यावर आतून पांढरी दिसते, आणि ती परत पाठवावी; कथलाचा मुलामा दिलेले तांबे बाहेरून पांढरे व आतून तांबडे दिसते, आणि आपल्या खाऱ्या हवेत ते साध्या तांब्याहूनही चांगले.

हाताने बांधलेली वायरिंग ही माझ्या मते गोव्यातल्या डिझेल जीपसाठी सर्वांत योग्य वाट आहे, मात्र दोन-तीन दिवस इलेक्ट्रिशियनच्या शेजारी बसण्याची तयारी हवी. तिचा खरा फायदा असा की मूळ वायरिंगमधली उणीवही त्यातच भरून काढता येते. उदाहरणार्थ, ६० वॉटचे दोन बल्ब अपरवर असताना सुमारे १० अँपिअर करंट घेतात. जुन्या पद्धतीत हा सगळा करंट लाइट स्विच आणि डिपरमधून फिरून पाचेक मीटर प्रवास करतो, आणि वायर १.५ चौरस मिमीची असेल तर नव्या कोऱ्या वायरीतही अर्ध्या व्होल्टहून अधिक घट होते. जुन्या स्विचच्या काळवंडलेल्या पत्त्यांत आणखी जाते ते निराळेच. बल्बचे गणित कठोर आहे: व्होल्टेज १० टक्क्यांनी उतरले की प्रकाश जवळजवळ ३० टक्क्यांनी घटतो. बॅटरीपासून २.५ चौरस मिमीची छोटी वायर आणि मध्ये रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) बसवला की स्विचला फक्त रिलेचा किरकोळ करंट सोसावा लागतो आणि त्याच बल्बचा उजेड डोळ्यांना फरक जाणवेल इतका वाढतो. हे न करता १०० वॉटचे बल्ब घालणारे लोक आहेत. त्यांच्या गाडीचा डिपर स्विच वितळतो तेव्हा ते वायरिंगला शिव्या देतात.

हाताच्या कामात फसगत होते ती रंगांत. कारागिराकडे जे बंडल उघडे असेल तेच सगळीकडे फिरते, आणि पुढच्या वेळी बोनेटखाली दहा लाल वायरींपैकी हॉर्नची कोणती ते देवालाच ठाऊक. प्रत्येक सर्किटला निदान वेगळा रंग, ब्लेड फ्यूजची पेटी डॅशबोर्डखाली उंचावर, आणि कोणती वायर कुठे जाते याचा हाताने काढलेला कागद, एवढे आधी ठरवूनच गाडी सोडावी. एमपीएफआय जिप्सीच्या इंजिनासाठी ही वाट मी कुणालाही सुचवणार नाही.

सुटे भाग कुठून आणावेत

इथे माझा नियम सोपा आहे: ज्यातून करंट जातो ते नवे घ्यावे, ज्याने तो झाकला जातो ते जुने चालते. स्विच, रिले, फ्यूजपेटी, होल्डर आणि वायर या वस्तू जुन्या बाजारातून आणू नयेत, कारण त्यांच्या पत्त्या आपल्याच वायरीइतक्या म्हाताऱ्या असतात. उलट दिव्यांच्या रिंगा, मीटरची घरे, कंस, अल्टरनेटरची बॉडी हे जुन्या बाजारात बहुधा मूळ दर्जाचे मिळतात. अल्टरनेटर किंवा सेल्फचा सांगाडा धड असेल तर ब्रश, बुश, बेअरिंग आणि रेग्युलेटर बदलून मडगावात किंवा म्हापशात तो पुन्हा उभा करून घेता येतो, आणि अनोळखी बनावटीच्या नव्या अल्टरनेटरपेक्षा असा जुना लुकास-टीव्हीएस मला अधिक भरवशाचा वाटतो.

कंपनीच्या काउंटरवर पार्ट नंबर घेऊन जाणाऱ्याचेच काम होते. जिप्सी लष्कराने आणि पोलिसांनी मोठ्या संख्येने वापरल्यामुळे तिचे भाग, उत्पादन थांबल्यानंतरही, जुन्या महिंद्रापेक्षा सहज सापडतात. बाजारातल्या नव्या मालात बॉश, मिंडा, ल्युमॅक्स, रूट्स यांच्यासारखी नावे पुरेशी आहेत. दोन्ही गाड्यांचे हेडलाइट सात इंची गोल असल्याने तिथे तर अडायला नको. गोव्यात न मिळालेली वस्तू बेळगावात पाहावी, मग पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईत ऑपेरा हाऊसला. जुन्या मालासाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड. रात्रीच्या बसने पार्सल सकाळी पोहोचते, त्यामुळे स्वतः जाण्याची गरज क्वचितच पडते. ईसीयूचा किंवा सेन्सरचा कपलर जुन्या गाडीतून घ्यायचा झाला तर तो अर्धा फूट वायरीच्या शेपटीसकट कापून मागावा, म्हणजे जोड देण्यासाठी जागा राहते.

डिचोली, उसगाव, कुडचडे या खाणपट्ट्यातल्या दुकानांत माल भरपूर आणि माणसे जाणकार आहेत, पण त्यांचे बरेचसे गिऱ्हाईक टिपरचे, आणि अनेक टिपर २४ व्होल्टचे असतात. अशाच एका दुकानातून मी हेडलाइटसाठी दोन रिले आणले, बसवले, आणि संध्याकाळभर वायरी उलटसुलट करूनही एकही ‘टक’ म्हणेना. शेवटी शेजारच्या पोराने मोबाइलच्या उजेडात रिलेच्या डोक्यावरचा आकडा वाचून दाखवला. २४ व्होल्टची कॉइल आपल्या गाडीच्या १२ व्होल्टवर ओढत नाही. बल्बचेही तसेच: २४ व्होल्टचा बल्ब आपल्या गाडीत लाल, मरतुकडा पेटतो, आणि मालक पुन्हा अर्थिंग शोधत बसतो.