सहावं पुस्तक वाचून काही महिने झाले, वैताग तसाच आहे

जीन ऑएल यांच्या 'अर्थ्स चिल्ड्रन' मालिकेचं शेवटचं पुस्तक, 'द लँड ऑफ पेंटेड केव्हज', उन्हाळ्यात वाचलं. पावसाळ्यात बरंचसं परत चाळलं, म्हटलं रागाच्या भरात काही चांगलं निसटलं असेल. फारसं नव्हतं निसटलं.

मालिका तीसेक हजार वर्षांपूर्वीच्या हिमयुगातली. भूकंपात पोरकी झालेली आयला, आपल्यासारखीच आधुनिक माणसाची पोर, निअँडरथल या आता नामशेष झालेल्या वेगळ्या मानवजातीच्या टोळीत वाढते, टोळीच्याच माणसाच्या जबरदस्तीतून तिला दुर्क हा मुलगा होतो आणि त्याला मागे ठेवून तिला टोळी सोडावी लागते. पहिलं पुस्तक १९८०चं, सहावं २०११चं. एवढी वर्षं वाचकांनी वाट पाहिली ती कशासाठी, हे वेगळं सांगायला नको.

आम्ही चाळीसगावकर. पाटणादेवीला सगळेच जातात, पण त्याच पाटण्याला १९७२-७३मध्ये एस. ए. साळी यांनी उत्खनन केलं आणि शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी सापडले, एका तुकड्यावर तर आडव्यातिडव्या रेघा कोरलेल्या. काळ साधारण पंचवीस हजार वर्षांपूर्वीचा. म्हणजे खान्देशात शहामृग हिंडत होते आणि माणसं मणी ओवत होती! त्यामुळे चित्रांच्या गुहांवरचं जाडजूड पुस्तक म्हणजे मला मेजवानीच वाटली होती.

पण या गुहा अशा दाखवल्यात, जसा अजिंठ्याला घाईतला गाइड टॉर्च मारत पुढे पळतो. डावीकडे इतके मॅमथ, उजवीकडे इतके घोडे, थोडं गाणं, चला पुढची गुहा. प्रत्येक मुक्कामी आयलाची लांबलचक ओळख, प्रत्येक मुक्कामी तिचा पाळीव लांडगा बघून लोकांची तीच घाबरगुंडी. आदिमातेचं गीतही पुन्हा पुन्हा. संशोधन खरं आहे, कष्ट दिसतात. गोष्ट मात्र जागची हलत नाही.

आणि दुर्क? भेटतच नाही. घरी माझ्या मायला मी ही गोष्ट तुकड्यातुकड्यानं सांगत असे. शेवट सांगितल्यावर तिनं एवढंच विचारलं, "मंग त्या पोऱ्यानं काय व्हयनं?" उत्तर काय देणार! गंमत बघा, २०१०मध्ये निअँडरथलच्या जनुकांचा आराखडा प्रसिद्ध झाला आणि आफ्रिकेबाहेरच्या माणसांत त्यांचा अंश आहे, हे कळलं. तीस वर्षं आधी कल्पनेनं रंगवलेलं मिश्र रक्ताचं मूल विज्ञानानं खरं ठरवलं, आणि पुढच्याच वर्षी आलेल्या शेवटच्या भागात ते मूलच गायब.

त्याऐवजी मिळतं काय, तर आयलाचा जोडीदार जोंडालार याचं मरोना या जुन्या मैत्रिणीबरोबरचं प्रकरण. गैरसमज, मत्सर, अबोला, हे सगळं तिसऱ्या पुस्तकात आयलाच्या प्रेमात पडलेल्या रानेकच्या निमित्तानं होऊन गेलंय.

एक कल्पना मात्र जबरदस्त. मूल होण्यात पुरुषाचाही वाटा असतो, हे आयला जाहीर करते आणि 'हे मूल माझं' म्हणणारे पुरुष उभे राहतात. मालकी, संशय, बापपण, सगळं इथून सुरू होतं. खरी कादंबरी इथे होती. ती शेवटच्या थोड्या पानांत उरकलीय.

घ्यायचंच असेल तर पहिलं पुस्तक घ्या, ते आजही झोपू देत नाही. चौथ्यापर्यंत जायला हरकत नाही. सहाव्याचा फक्त तिसरा भाग वाचा, तोही कुणाकडून मागून.