अंगणवाडीतील वाढ-मोजणी: बीड जिल्ह्यातील एका गावाचा अनुभव

बालपणीची आर्थिक ओढाताण पुढे मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकाराच्या रूपाने उगवते, असे दाखवणारे बरेच संशोधन झालेले असल्यामुळे अंगणवाडीतल्या वजनकाट्याला निव्वळ सरकारी सोपस्कार समजणे बरोबर नाही. माझी नात ज्या अंगणवाडीत जाते, तिच्या सेवेकडे मी याच नजरेने पाहिले आहे.

वजन महिन्याच्या महिन्याला आणि नीट होते. सेविकाताई बाळाचे जाड कपडे व वाळे काढून घेतात, काटा शून्यावर असल्याची खात्री करतात, आकडा आईला मोठ्याने सांगतात आणि मगच पोषण ट्रॅकर या सरकारी मोबाइल ॲपवर भरतात. दंडाचा घेर मोजायची पट्टी साडेअकरा सेंटिमीटरच्या आत, म्हणजे लाल रंगावर आली, तर बाळाला आरोग्य केंद्रात पाठवण्यात त्या चालढकल करीत नाहीत. गरम आहार ठीक असतो. घरी न्यायची पाकिटे मात्र आमच्या गल्लीत बहुधा शेळ्यांच्याच पुढ्यात जातात.

उणीव आहे ती उंचीत. आजारपणात घटलेले वजन भरून निघते, पण खुंटलेली उंची दीर्घकाळच्या आबाळीची साक्ष देते. तान्ह्या बाळाला फळीवर आडवे ठेवून एकीने डोके आणि दुसरीने गुडघे धरायचे असतात. येथे मदतनीस चुलीपाशी अडकलेली असल्याने ताई एकट्याच टेप लावतात.

मुळात ही आबाळ गर्भापासून सुरू होते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातील सहा गावांत केलेल्या अभ्यासात नवजात बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो आढळले, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो, तरीही आपल्या बाळांच्या अंगावरची चरबी त्या मानाने टिकून होती, कमी होते ते स्नायू. असे शरीर पुढे बैठे काम आणि भरपूर खाणे वाट्याला आले की मधुमेहाकडे लवकर झुकते.

म्हणूनच मोठी तक्रार ऊसतोडीच्या हंगामाची आहे. उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेली जोडपी दसरा-दिवाळीनंतर कारखान्यावर जातात, त्यांत गरोदर बायाही असतात, आणि ज्यांची मोजणी सर्वांत गरजेची त्यांच्याच नावापुढचे रकाने पाच-सहा महिने कोरे राहतात. स्थलांतराची नोंद येथे आईने मागितल्याशिवाय हातात मिळत नाही. तेव्हा टोळीचा ट्रक भरण्याआधी ती नोंद आणि वजनाच्या तक्त्याची प्रत ताईंकडून मागून घ्यावी, आणि फडाजवळच्या अंगणवाडीत पहिल्याच आठवड्यात दाखवावी.