टोमॅटोवर कोराजन : पूर्ण हंगाम वापरल्यानंतरचा अनुभव

आमचा प्लॉट जुन्नर तालुक्यातला, ड्रिप-मल्चिंगवरचा. या हंगामात अळीसाठी मुख्य भिस्त कोराजनवर (क्लोरअँट्रानिलीप्रोल १८.५ एससी) होती. फळ पोखरणाऱ्या अळीवर औषध मनापासून आवडलं, पण ते वेळेवर पडलं तरच.

ही अळी लहानपणी कोवळी पानं-फुलं खाते, मग डोकं फळात आणि अर्धं अंग बाहेर अशी बसते. तोवर थांबलात तर ते फळ गेलंच. म्हणून कळी दिसताच कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) लावले. पतंग सापडू लागले की फुलांच्या घोसाजवळची पानं उलटीसुलटी करून बघायचो. खसखशीएवढी पिवळट-पांढरी अंडी दिसली की फवारणी.

प्रमाण एकरी ६० मिली, २०० लिटर पाण्यात. म्हणजे २० लिटरच्या पंपाला ६ मिली. हे औषध अळीचे स्नायू आखडवतं. तिचं खाणं लवकर थांबतं, मरायला मात्र एक-दोन दिवस जातात. दुसऱ्या दिवशी अळी हलताना दिसली म्हणून लगेच दुसरं औषध मारू नका. ताजं कुरतडलेलं आणि ओली विष्ठा दिसते का, एवढं बघा.

पांढरी माशी आणि फुलकिड्यांसाठी याच्यावर विसंबू नका. व्हायरस आणणारे तेच, त्यांचा बंदोबस्त रोपवाटिकेच्या जाळीपासूनच करावा लागतो. टुटा ही पानं पोखरणारी कीड, तिची अळी पानाच्या आत असते. तिथे फवारणीच्या जोडीला पोखरलेली पानं खुडून प्लॉटबाहेर नष्ट केली, तेव्हाच फरक पडला.

सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते औषध बदलण्याबद्दल. दुकानात ‘हे बदलून मारा’ म्हणून फ्लुबेंडियामाइड किंवा सायॅन्ट्रानिलीप्रोल हातात पडतं. ही दोन्ही कोराजनच्याच गटातली, गट २८ (औषध किडीवर कसं काम करतं त्यावरून हे गट पाडतात). नाव बदललं तरी अळीवर मारा तोच होतो आणि प्रतिकारशक्ती वाढते. जोड-औषधांतही क्लोरअँट्रानिलीप्रोल असतं, बाटलीवरचा घटक वाचाच. मी मधली फवारणी इंडोक्झाकार्बची घेतो, त्याचा गट वेगळा.

कोराजननंतर तोड्याला ३ दिवस थांबायचं असतं. तोडा झाला की त्याच संध्याकाळी फवारलं तर पुढच्या तोड्यापर्यंत ते भरतात. इंडोक्झाकार्बला ५ दिवस लागतात, म्हणून ते तोडे सुरू होण्याआधीच उरकतो.