तुंबलेली मोरी आणि स्प्रिंग मशीनवाले

कोथरूडमधील आमच्या जुन्या इमारतीत स्वयंपाकघराचे सिंक आठवडाभर तुंबले होते आणि कॉस्टिक सोडा ओतूनही पाणी मोरीच्या जाळीतून उलटे वर येत होते. परिसरातील ड्रेनेजवाल्यांकडून दोन कारागीर आले. त्यांनी आधी खालचे सांडपाण्याचे चेंबर उघडून ते मोकळे असल्याचे दाखवले, म्हणजे अडथळा आमच्याच आडव्या पाइपात होता, आणि मगच पाइपात फिरती लांब स्प्रिंग घालून अडथळा काढणारे स्प्रिंग मशीन लावले. तेलकट थर, चहाचा चोथा आणि भाताची शिते यांचा साबणासारखा घट्ट झालेला गोळा बाहेर निघाला. त्याचा वास मात्र दुसऱ्या दिवसापर्यंत रेंगाळला. गरम पाण्यासोबत वाहिलेले तूप पुढे पाइपात थिजते, हेही त्यांनीच समजावले. फोनवर ठरलेले ९०० रुपयेच घेतले. ओटा पुसून देण्याची अपेक्षा मात्र ठेवू नये.