आठ गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर, मून क्लिपा आणि एक पूर्ण हंगाम

प्रॅक्टिकल शूटिंगमध्ये, म्हणजे वेळ आणि नेम दोन्ही मोजणाऱ्या नेमबाजीत, रिव्हॉल्व्हर घेऊन उतरायचं म्हटलं की हमखास ऐकू येतं, "रिव्हॉल्व्हर कधी अडकत नाही." पूर्ण हंगाम वापरल्यावर माझं मत सांगतो: अडकतं, आणि अडकलं की पिस्तुलापेक्षा जास्त महागात पडतं. पिस्तुलात काडतूस नीट बसलं नाही तर स्लाइड ओढून माणूस लगेच पुन्हा सुरू होतो. रिव्हॉल्व्हरचं सिलिंडर आखडलं तर ती स्टेज, म्हणजे मॅचमधली ती फेरी, बहुतेक हातची गेलीच. तरीही हे रिव्हॉल्व्हर मी विकायला काढणार नाही, कारण यातल्या बहुतेक अडचणी बंदुकीत नसतातच. त्या मून क्लिपमध्ये (काडतुसं एकत्र धरणाऱ्या पातळ चकतीत) आणि काडतुसात असतात, आणि मॅचच्या आदल्या रात्री टेबलावर बसून सोडवता येतात.

आधी काय वापरलं ते. .357 मॅग्नमचं आठ गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर, मोठी स्टीलची फ्रेम, पाच इंची बॅरल, मून क्लिपसाठी मागून कापलेलं सिलिंडर. पुढे फायबर ऑप्टिक साइट, मागे अ‍ॅडजस्टेबल. हॅमरचा स्पर (अंगठ्याने मागे ओढायचा खुंट) काढलेला, म्हणजे फक्त डबल अ‍ॅक्शन: ट्रिगर ओढला की हॅमर मागे जाऊन पडतो. त्यात .357 मी जवळपास घातलंच नाही. सगळं शूटिंग .38 शॉर्ट कोल्ट या आखूड काडतुसावर.

सहा की आठ, हा वाद घेण्याआधीच मिटवून टाका. यूएसपीएसएच्या (अमेरिकेतल्या प्रॅक्टिकल शूटिंग संघटनेच्या) रिव्हॉल्व्हर डिव्हिजनमध्ये मेजर स्कोअरिंग, म्हणजे जोरदार काडतुसांना मिळणारे जास्त गुण, हवं असेल तर रीलोड करण्याआधी सहाच गोळ्या झाडता येतात. मायनर पत्करलं तर आठ. मेजरसाठी पॉवर फॅक्टर १६५ लागतो, मायनरला १२५ पुरतो. गोळीचं वजन ग्रेनमध्ये, वेग फूट प्रतिसेकंदात, दोन्हींचा गुणाकार भागिले हजार. १६० ग्रेनची गोळी ८०० च्या वेगाने गेली की १२८ झाले, काम भागलं. मायनरमध्ये नुकसान एवढंच की टार्गेटच्या मधल्या ए झोनबाहेरच्या सी झोनला चारऐवजी तीन आणि डी झोनला दोनऐवजी एक गुण मिळतो. आता ३२ गोळ्यांची लांब स्टेज घ्या. आठच्या सिलिंडरला कमीत कमी तीन रीलोड, सहाच्याला पाच. जास्तीचे दोन रीलोड उभ्याने करावे लागले आणि प्रत्येकी अडीच सेकंद गेले, तर पाच सेकंद झाले. स्टेजचा हिट फॅक्टर (गुण भागिले सेकंद) पाचच्या आसपास असेल तर ते पंचवीस गुण होतात. मायनरमध्ये तेवढं नुकसान व्हायला ३२ पैकी पंचवीस गोळ्या ए झोनच्या बाहेर जायला हव्यात. अर्थात काही रीलोड चालता चालता फुकटात निघतात, त्यामुळे प्रत्यक्ष फरक एवढा मोठा राहत नाही. पण आणखी एक गोष्ट आहेच: लांब स्टेज आखतानाच एका जागेवरून आठपेक्षा जास्त हिट लागू नयेत असा नियम असतो. सहावाल्याला त्याच जागी, टार्गेट समोर दिसत असताना, रिकामं व्हावं लागतं. ते बघवत नाही.

सहा गोळ्यांच्या बाजूने बोलणारे जेरी मिक्युलेक या अमेरिकन रिव्हॉल्व्हर नेमबाजाचं नाव काढतात. १९९९ मध्ये त्याने सहा झाडल्या, रीलोड केलं आणि पुन्हा सहा झाडल्या, सगळं मिळून २.९९ सेकंदांत. कबूल. तो हात तुमच्याकडे असेल तर सहाच घ्या.

आता मून क्लिप. कल्पना पहिल्या महायुद्धातली. पिस्तुलं कमी पडली म्हणून .४५ एसीपीची रिमलेस (बुडाला बाहेर आलेली कड नसलेली) काडतुसं रिव्हॉल्व्हरमध्ये वापरायची होती आणि त्यांना मागे धरायला काही नव्हतं, तेव्हा तीन काडतुसांची अर्धगोल पट्टी आली. आज आपण पूर्ण गोल चकती वापरतो. स्प्रिंग स्टीलचा इतका पातळ तुकडा, की चिमटीत धरून जरा जोर दिला तर वाकतो. आणि वाकला की खेळ खलास. क्लिप एका बाजूने केसभर उचललेली असली तरी सिलिंडर फिरताना ती मागच्या प्लेटला घासते. ट्रिगर आठपैकी दोन-तीन ठिकाणी अचानक जड लागतो, आणि बजर वाजल्यानंतर हात "जड आहे" एवढंच समजतो, का ते समजत नाही.

म्हणून माझी पद्धत अशी. रिकामी क्लिप काचेवर ठेवून कडेवर बोटाने टिचकी मारायची. डुगडुगली तर ती सरावाच्या डब्यात. सपाट बसली तर काडतुसं भरायची आणि ती भरलेली क्लिप त्याच रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरमध्ये घालून बघायची. नळी सुरक्षित दिशेला, बोट ट्रिगरपासून लांब, सिलिंडर बंद करायचं नाही. आठही काडतुसं स्वतःच्या वजनाने आत गेली पाहिजेत. एक जरी अडलं तरी ती क्लिप मॅचच्या पेटीत जात नाही. पेटीवर मी रंगाच्या टेपचा तुकडा लावलाय: हिरवा मॅचचा, लाल सरावाचा. भरायला आणि रिकामी करायला हत्यार घ्याच, हाताने उपसू नका. क्लिपा बहुतेक तेव्हाच वाकतात. जमिनीवर पडलेल्या क्लिपवर कोणाचा बूट पडला तर तीही थेट लाल डब्यात.

इथे पुंगळ्यांचाही (काडतुसांच्या धातूच्या नळकांड्यांचाही) संबंध येतो. वेगवेगळ्या कंपन्यांच्या पुंगळ्यांच्या बुडाशी असलेली खाच सारखी नसते. एकीत क्लिप घट्ट बसते, दुसरीत काडतुसं लोंबतात, आणि लोंबणारी काडतुसं आठ चेंबरना एका वेळी सापडत नाहीत. क्लिपची जाडी आणि पुंगळीची कंपनी एकदा जुळली की बदलू नका. मिसळलेल्या पुंगळ्या वापरायच्या असतील तर रिव्हॉल्व्हरचा नाद सोडा.

शॉर्ट कोल्ट का? लांबीसाठी. .357 ची पुंगळी १.२९ इंच, .38 स्पेशलची १.१५५, शॉर्ट कोल्टची साधारण पाऊण इंच. आखूड काडतुसांचा गुच्छ लोंबत नाही, चटकन आत पडतो, आणि बाहेर काढताना इजेक्टरचा एक धक्का पुरतो. लांब पुंगळ्या कधीकधी अर्ध्यावर राहतात, कारण इजेक्टर रॉडची धाव तेवढी नसते. गोळीचं नाक गोल हवं. चपट्या नाकाच्या गोळ्या चेंबरच्या कडेवर अडतात. चेंबरच्या तोंडांना हलका चॅम्फर करून (कड जरा तिरकी घासून) घेतला की आणखी फरक पडतो, पण ते काम गनस्मिथचं. ९ एमएमची आठ गोळ्यांची रिव्हॉल्व्हरही याच कारणाने चालतात. स्मिथ अँड वेसनचं ९२९ त्यातलं सगळ्यांना माहीत असलेलं. त्याचं सिलिंडर टायटेनियमचं आहे, त्यामुळे हलकं, फिरून थांबताना झटका कमी. मात्र टायटेनियमच्या चेंबरमध्ये खरखरीत काहीही घालून घासायचं नाही. मला घासल्याशिवाय चैन पडत नाही, म्हणून स्टील.

ट्रिगरबद्दल लोक फार बोलतात. मी थोडक्यात आटोपतो. कारखान्यातून येणारं डबल अ‍ॅक्शन साधारण दहा-बारा पौंडांचं, मॅचचं पाच-सहापर्यंत आणतात. स्प्रिंग हलकी झाली की हॅमरचा मारही हलका होतो, मग प्रायमर (हॅमरच्या माराने पेटणारी बुडातली टोपी) मऊ लागतात आणि ते पुंगळीच्या बुडापेक्षा किंचित आत बसलेले लागतात. फेडरलचे प्रायमर याच कामासाठी शोधले जातात. ते मिळण्याची खात्री नसेल तर ट्रिगर सात-आठ पौंडांवर ठेवा आणि निवांत झोपा. मी तेच केलं. एका स्टेजमध्ये एक मिसफायर झाला तर हलक्या ट्रिगरने दिवसभरात कमावलेलं सगळं जातं.

तंत्रात खरा वेळ दोन गोष्टींत गेला. पहिली, ट्रिगर सोडणं. ओढणं सगळेच शिकवतात. रिव्हॉल्व्हरमध्ये बोट पूर्ण पुढे गेलं नाही आणि पुन्हा ओढलं, तर सिलिंडर फिरतं पण हॅमर पडत नाही, आणि एक भरलेलं चेंबर तसंच पुढे निघून जातं. पिस्तुलावरून आलेल्या माणसाला रीसेटच्या "टिक्" आवाजावर थांबायची सवय असते, ती इथे मोडावी लागते. ओढतानाही मध्ये थांबून नेम सुधारायचा मोह टाळावा. एका दमात ओढायचं, साइट हलताना दिसते ती दिसू द्यायची. ड्राय फायरमध्ये (काडतुसांविना सरावात) मी भिंतीवरच्या ठिपक्याकडे न बघता फक्त पुढची साइट आणि बोटाचं परतणं एवढंच बघतो.

दुसरी अर्थातच रीलोड. दोन पंथ आहेत: बंदूक उजव्या हातातच ठेवून डाव्याने भरणारे, आणि बंदूक डाव्या हातात देऊन उजव्याने भरणारे. मी दुसऱ्या पंथातला. उजवा अंगठा लॅच दाबतो, डाव्या हाताची मधली दोन बोटं सिलिंडर ढकलत फ्रेमच्या खिडकीतून आरपार जातात. नळी वर, डाव्या अंगठ्याचा रॉडवर एकच ठोसा, आठही पुंगळ्या क्लिपसकट खाली. तोपर्यंत उजवा हात बेल्टवरच्या मॅग्नेटच्या खुंटीवर पोचलेला असतो. आता नळी खाली, बंदूक बकलच्या जवळ. क्लिप चेंबरच्या तोंडाशी नेऊन सोडायची. ढकलली की तिरकी बसते. सिलिंडर अंगठ्याने बंद करायचं. मनगटाचा झटका देऊन बंद करणाऱ्याला रेंजवर कोणीतरी वडीलधारा बोलतोच, आणि बरोबरच बोलतो.

तोटा असा की ग्रिप पूर्ण सुटते आणि पुन्हा बांधावी लागते. म्हणून रबराची ग्रिप काढून गुळगुळीत लाकडाची घातली. रबर तळहाताला चिकटतं, हात सरकू देत नाही. डाव्या बाजूची पट्टी क्लिपला वाट मिळेल एवढी खोल कापलेली असावी. डावा अंगठा पुढे लांब करायची पिस्तुलवाल्यांची सवय मात्र इथे अजिबात नको. सिलिंडर आणि बॅरलच्या फटीतून निघणारा गरम वायू बोट कापतो.

नळी वर करण्यावरून एक सूचना. काही रेंजवर नळी मातीच्या बांधाच्या वर गेलेली चालत नाही. मॅचच्या सकाळीच रेंज ऑफिसरला विचारून घ्या. आणि चालत रीलोड करताना अंग वळतं तशी नळीही वळते. १८० अंशांची रेषा (नळी मागे वळू नये म्हणून धरलेली हद्द) ओलांडली की तिथेच बाद, मग मागचं सगळं चांगलं शूटिंग कागदावर राहतं.

देखभालीत दातांचा जुना ब्रश सगळ्यात जास्त कामी येतो. इजेक्टरच्या चांदणीखाली (पुंगळ्या उचलणाऱ्या ताऱ्याच्या आकाराच्या चकतीखाली) न जळलेल्या पावडरचे दोन कण अडकले तरी सिलिंडर बंद व्हायला कुरकुरतं. प्रत्येक स्टेजनंतर, सेफ्टी एरियात बंदूक रिकामी असताना, चांदणी वर उचलून खाली एक हात मारायचा. इजेक्टर रॉड आणि पट्टीच्या स्प्रिंगचा ताण धरणारा स्क्रू दर आठवड्याला तपासतो. हा स्क्रू अर्धा फेरा सैल झाला तर ट्रिगर मस्त हलका लागतो आणि प्रायमर फुटेनासे होतात. "आज ट्रिगर काय छान चाललाय" असं वाटलं की मी आधी पेचकस काढतो.

आयकोरच्या (रिव्हॉल्व्हरच्याच मॅच घेणाऱ्या संघटनेच्या) मॅच खेळणाऱ्यांसाठी: आठ गोळ्या आणि लोखंडी साइट असल्यामुळे हे रिव्हॉल्व्हर लिमिटेडमध्ये जातं. सहा गोळ्या आणि स्पीडलोडरची (क्लिपशिवाय सगळी काडतुसं एकदम भरायच्या हत्याराची) मजा हवी असेल तर क्लासिक डिव्हिजन आहे, पण त्याला वेगळं रिव्हॉल्व्हर लागेल.

शॉर्ट कोल्टचा एक त्रास शेवटी नोंदवतो. लांब चेंबरमध्ये आखूड पुंगळी झाडत राहिलं की तिच्या तोंडापुढे काजळीचं कडं जमतं. शॉर्ट कोल्टच वापरत असाल तर ते जाणवणारही नाही. मध्येच .38 स्पेशल किंवा .357 घालायचं ठरवलं तर मात्र काडतूस त्या कड्यावर अडतं. जोर लावून बसवू नका, आधी चेंबर ब्रशने पूर्ण साफ करा.